धोंड्याचे दात

"बघा बाबा, काल संध्याकाळचा पराक्रम."

मुलीने पिशवी टेबलावर उलटी केली. आधी कापूस पडला, मग अभ्रा. मधोमध फाटलेला.

बाबा अजून दारातच उभे होते. अंगात कालचा स्वेटर, गालावर आठवड्याची दाढी. त्यांच्या पायाशी गुन्हेगार बसला होता. पिल्लू असताना जिथे ठेवाल तिथे बसून राहायचा, म्हणून नाव पडलं धोंड्या. आता नाव धोंड्याचं आणि कामं भूकंपाची.

"बाहेर गुडघाभर बर्फ. आम्ही दोघं कामावर. दिवसभर एकटा कोंडून राहिला की संध्याकाळी त्याचं डोकं फिरतं," मुलगी म्हणाली. "तुमचे जावई जाम वैतागलेत. अजून थोडे दिवस बघणार, नाही सुधारला तर त्याची पाठवणी. लांब, कुत्र्यांच्या आश्रमात."

"मग मी काय करू? त्याच्यापुढे नाचू?"

"नाचा की! काहीही करा, पण त्याला गुंतवून ठेवा. माझी शाळा सुटली की मी न्यायला येते. बिस्किटं दुसऱ्या पिशवीत आहेत, तुमचा डबा ओट्यावर."

ती गेली. बाबांनी खुर्चीत अंग टाकलं. मुलीची आई गेल्यापासून ही खुर्ची आणि ते, दोघंच. पडदे ओढलेले. चहा करायचा, तो गार होऊ द्यायचा आणि ओतून टाकायचा. नाचायचं सोडाच, उठायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा.

पण आश्रम? या कुत्र्याला आईने बाटलीने दूध पाजलं होतं.

बाबांनी सुस्कारा सोडला आणि ते उठले.

जन्मभर बस चालवलेला माणूस. त्यांना एकच खेळ येत होता. त्यांनी खुर्च्या ओळीने मांडल्या, दोन खुर्च्यांवर घोंगडी टाकून बोगदा केला. स्टुलाखाली पहिला थांबा, टेबलाखाली दुसरा. प्रत्येक थांब्यावर एक बिस्किट, कधी मोज्यात कोंबलेलं, कधी टॉवेलात गुंडाळलेलं.

"चला, पुढे सरका! बोगद्यात जागाच जागा आहे!"

धोंड्याने जांभई दिली. एवढी मोठी, की तिच्यातून अख्खी बस गेली असती.

"वा रे वा! तिकडे घर डोक्यावर घेतोस आणि इथे झोपा काढतोस?"

पहिल्या बिस्किटाला तो उठला. दुसऱ्याला शेपूट हलली. तिसऱ्या थांब्यावर त्याने आडवं होऊन वाहतूकच बंद पाडली.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून पायपुसणं निघालं. मग टोपी. मग सोफ्याचं कव्हर. रोज काहीतरी. पायपुसणं बाबांनी उजेडात धरून पाहिलं.

"दात अगदी सरळ आहेत हं याचे."

"चांगल्या जातीचा आहे ना," मुलगी पटकन म्हणाली आणि मफलर बांधू लागली.

"आणि पंजांत एवढा बर्फ कसला? फिरायला नेलं होतं?"

"छे! गाडीपासून दारापर्यंत आला ना चालत. निघते बाबा, उशीर होतोय."

थोड्याच दिवसांत धोंड्याला सगळे थांबे पाठ झाले. बिस्किटं गट्टम करायची आणि घोरायचं. तिकडे नासधूस काही थांबेना. बाबांचे गुडघे बोलायला लागले, कंबर तर आधीपासूनच बोलत होती. आता मार्ग वाढवायला हवा होता. पण बाहेरची खोली संपली, स्वयंपाकघर संपलं. उरलं एकच बंद दार. आईची खोली.

बाबा कडीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. धोंड्याने त्यांच्या पोटरीला नाक लावलं.

"हो रे बाबा, उघडतो."

आत खुंटीवर तिची शाल तशीच होती. सगळीकडे धूळ. मार्गावर धूळ चालत नाही, म्हणून बाबांनी झाडू मारला. वळण दिसेना, म्हणून पडदे सरकवले. शालीच्या घडीत शेवटचं बिस्किट लपवलं. धोंड्याने ते हुंगलं, खाल्लं आणि शालीवरच पसरला.

"शेवटचा थांबा," बाबा म्हणाले.

त्या दुपारी त्यांना भूक लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. प्रवाशांसमोर असं दाढी वाढलेलं तोंड घेऊन कसं यायचं!

त्या संध्याकाळी मुलगी न्यायला आली, तर दार आधीच उघडं. घरात चहाचा वास. बाबांच्या डोक्यावर जुनी ड्रायव्हरची टोपी, तोंडात शिट्टी.

"बस तिथे. एक फेरी बाकी आहे."

ती बसली. फेरी झाली. मग तिने धोंड्याचा पट्टा हातात घेतला, तेव्हा बाबा खाली बघत म्हणाले, "पार दमवलाय त्याला. आता नाही काही फाडायचा. जावयांना सांग, आश्रम वगैरे नको."

"सांगते."

"पण सुधारलाच, तर... उद्यापासून आणणार नाहीस?"

"बघू या बाबा. त्याचा काय भरवसा!"

घरी आल्यावर धोंड्या हीटरजवळ गेला आणि बसला, जिथे बसला तिथेच. बाजूला नवऱ्याचे बर्फाने भिजलेले बूट वाळत होते. तो रोज पहाटे धोंड्याला टेकडीवर पळवायचा, त्यामुळे ते कधी कोरडे राहतच नव्हते.

"बाबा जेवले का?" नवऱ्याने विचारलं.

"डबा चाटूनपुसून रिकामा. आणि आईच्या खोलीचे पडदे उघडे आहेत." तिने डोळे पुसले. "उद्या आणणार का, विचारत होते."

नवऱ्याने पायातली सपात काढून तिच्यापुढे ठेवली.

तिने ड्रॉवरमधून कात्री काढली.

"या वेळी जरा वाकडं काप," तो म्हणाला.