सात शेरे

धरणग्रस्तांच्या यादीत तीन हजार बारा नोंदी होत्या आणि सतरा रकाने. त्यातला ‘शेरा’ सात नोंदींतच भरलेला होता. जुन्या वह्यांतली ही यादी कचेरीतल्या नव्या संगणकावर चढवताना, आराखडा सुटसुटीत करायचा म्हणून आम्रपालीने तो रकाना उडवला होता, ते सात शेरे न वाचताच. आज कडेगावच्या बनाबाई टेबलाशी उभ्या होत्या. “नवरा परागंदा झाला तवा सायबांनी माज्या म्होरं शेरा लिवलाय, जमीन बायकूच्या नावानं द्या म्हणून. बग की पोरी.” पडद्यावर नुसतं नवऱ्याचं नाव होतं. आम्रपालीला मान वर करवेना. “मावशी, तो शेरा मीच पुसला.” “मग परत लिव की! त्यात काय रडायचं?” मूळ वह्यांसाठी तिने रेकॉर्ड रूममध्ये फोन लावला. “त्या होय? संगणकात चढल्या ना सगळ्या? परवाच रद्दीत घातल्या, मॅडम,” पलीकडचा कारकून म्हणाला. “चौदा किलो भरल्या.”