रिकामी खाच

शेवटचा बोल्ट सुटला तशी ताईने वरची जाड प्लेट उचलली आणि इंजिनात फिरणारा तिकोनी रोटर उघडा पडला. धाकटा भाऊ गॅरेजच्या शटरपाशी पाठमोरा उभा राहून रस्ता न्याहाळत होता. गाडी त्याची, हौस त्याची आणि शर्यत या रविवारी.

"जोर कमी पडतोय, ताई. इंजिन असं बांध की बाकीचे बघत राहतील."

"तुझ्या गाडीचं पोट काही भरत नाही बाबा," तोंडावरच्या फडक्याआडून ताई म्हणाली. एरवी असा टोमणा त्याने फुकट जाऊ दिला नसता. आज त्याने मानही वळवली नाही.

निघेल तो भाग ती जुन्या चादरीवर ओळीने मांडत होती. रोटरच्या तिन्ही टोकांना खाचेत बसवलेली एकेक बारीक पट्टी असते. आतला दाब त्या पट्ट्यांवरच टिकतो. दोन पट्ट्या चादरीवर आल्या. तिसरी खाच रिकामी होती.

पट्टी तुटते, धुराबरोबर उडून जाते. त्यात नवल नाही. पण इथे इंजिनाची आतली भिंत सगळीकडून खरवडली होती आणि खाचेच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. म्हणजे गाडी कित्येक दिवस अशीच पळत होती. असं इंजिन लंगडतं, इतकं भडभडतं की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. आणि सकाळी ती पोचायच्या आधीच गाडी आणून लावून हा हसून म्हणाला होता, "आवाज? अगदी लोण्यासारखा!"

ताईने मोठा पाना उचलला आणि लोखंडी टेबलावर जोरात आपटला.

शेजारचा वेल्डर दचकून दारात आला. भाऊ रस्त्याकडेच बघत राहिला. रविवारी याच्या मागून वीस गाड्या सुसाट येणार होत्या.

ती त्याच्याजवळ गेली. खांद्यावर हात ठेवताच तो केवढ्याने तरी दचकला.

"कधीपासून रे?" तिने विचारलं.

तो तिच्या फडक्याकडे बघत राहिला. मग नेहमीसारखं हसला, दोन बोटांनी ते फडकं हनुवटीखाली ओढलं आणि तिच्या ओठांवर नजर रोवून म्हणाला,

"हं, आता बोल. रविवारपर्यंत होईल ना?"