एकच नोंद

अक्षताने पुन्हा एकदा ‘सेव्ह’ दाबलं. यादीत नवं नाव आलं नाही.

मंडईमागच्या बालसंस्थेच्या कार्यालयात ती सकाळपासून बसली होती. संचालिका द्वारकाताईंची तक्रार साधी होती. दत्तक दिलेलं आपलं मूल कुठे आहे हे विचारायला वर्षभर बायका येतात, टेबलावरची मुलगी त्यांची नावं भरते, तरी अहवालाच्या वेळी आकडा कमीच निघतो. हा प्रोग्राम तेरा वर्षांपूर्वी सलिल नावाच्या एका ओळखीच्याने फुकट लिहून दिला होता आणि तो परदेशी निघून गेला. आता द्वारकाताईंच्या माहितीत संगणकातलं कळणारी अक्षताच. हिंजवडीत नोकरी करणारी, आणि सव्वीस वर्षांपूर्वी याच संस्थेतून भीमराव आणि चंद्रभागाबाईंच्या कडेवर वारज्याला घरी गेलेली.

अठरा पूर्ण झाली तेव्हा ती बाबांबरोबर इथे येऊन गेली होती. जन्म देणारीने कधी विचारपूस केली का, एवढंच तिला हवं होतं. द्वारकाताईंनी यादी पाहून सांगितलं, हो, एकदा. तीन वर्षांपूर्वी. पत्ता ठेवून गेल्यात, तू म्हणालीस तर कळवते.

अक्षता नको म्हणाली. एकदा येऊन गेली, तिचं मन हलकं झालं असेल. आता तिच्या संसारात कशाला जायचं? त्या दिवशी घरी आईने गरम भात वाढला. पण ते ‘एकदा’ तिच्या मनातून गेलं नाही. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून, रस्त्यावरच्या पंचेचाळिशीच्या अनोळखी बायांचे चेहरे ती अजून उगाच न्याहाळायची.

दुपारी तिला गोम सापडली. कोणत्याही क्लासला, म्हणजे नोंदीच्या साच्याला, ‘न्यू’ म्हटलं की त्याने नवी नोंद घडवून द्यायची, ही त्या प्रोग्रामच्या भाषेची रीत. सलिलने ‘चौकशी’ या क्लासचं ‘न्यू’ बदलून आपल्या पद्धतीने लिहिलं होतं. आईचं नाव आणि बाळाची जन्मतारीख आधीच यादीत असेल, तर नवं काही घडवायचं नाही. जुनीच नोंद परत द्यायची. वर त्याने शेरा लिहिला होता, ‘एकाच बाईचं नाव दोनदा नको.’ हेतू चांगलाच होता. पण दुसऱ्यांदा आलेली बाई यादीच्या लेखी आलेलीच नव्हती.

अक्षताला याच यादीतलं ते ‘एकदा’ आठवलं.

‘न्यू’ला हाक गेली की दर वेळी आईचं नाव, बाळाची जन्मतारीख आणि त्या दिवसाची तारीख-वेळ मात्र एका वेगळ्या फाइलीत आपोआप उतरत होती. ती फाइल कधी कुणी उघडलीच नव्हती. अक्षताने ती उघडली आणि स्वतःची जन्मतारीख शोधायला टाकली.

बारा ओळी आल्या, सगळ्या एकाच बाईच्या नावाच्या.

तिने त्या एकेक करून वाचल्या. दर वर्षाची एक. लॉकडाउनच्या वर्षी तेवढी नोव्हेंबरातली होती. बाकी सगळ्यांवर एकच तारीख, एकोणीस सप्टेंबर, सकाळी साडेदहा-अकराची वेळ. तिचा वाढदिवस. त्यातल्या चार ओळी, ती बाबांबरोबर इथे आली होती त्या दिवसाच्याही आधीच्या होत्या.

तिने द्वारकाताईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून सगळ्या ओळी पाहिल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. टेबलावरच्या मुली दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतात, प्रत्येकीला ती बाई पहिल्यांदाच आली असं वाटलं असणार, असं त्या हळू आवाजात सांगत राहिल्या. अक्षता ऐकत होती की नाही, त्यांना कळेना.

“तेव्हा तू नको म्हणालीस,” शेवटी त्या म्हणाल्या. “आता कळवू का तिला? आज पत्र टाकलं तर आठवड्याभरात पोचेल.”

अक्षताने डोळे पुसले. स्क्रीनच्या कोपऱ्यात आजची तारीख होती, सतरा सप्टेंबर.

“पत्र नको, ताई,” ती म्हणाली. “परवा चौकशीच्या टेबलावर मी बसते.”