समोरासमोरचे माग

कानातलं यंत्र सुरू झालं, तरी तातोबांनी नकारार्थी मान हलवली.

डॉक्टर नलावडेंनी यंत्राची जोडणी पुन्हा तपासली. यंत्रमागाच्या खडखडाटानं जाणाऱ्या कानांवर त्यांनी अर्धं आयुष्य संशोधन केलं होतं. पण शस्त्रक्रिया करून यंत्र बसवलेले तातोबा हे त्यांचे पहिलेच विणकर. पहिला आवाज बायकोचाच असावा, म्हणून सगळ्यांना गप्प करून त्यांनी अक्काताईंना समोर बसवलं होतं.

‘बोलत राहा,’ त्यांनी खुणावलं.

अक्काताई पुन्हा बोलू लागल्या. तातोबा त्यांच्या ओठांकडे एकटक बघत होते. त्यांनी पुन्हा मान हलवली. आतली नसच मेली असेल का? डॉक्टर पडद्यावरची नोंद बघायला वळल्या आणि थबकल्या. पाठीमागे अक्काताई बोलतायत, आणि खोलीत चिडीचूप!

लग्नापासून दोघं समोरासमोरच्या मागांवर. त्या कल्लोळात आवाज कोण वाया घालवणार? सगळेच नुसते ओठ हलवून बोलायचे. तातोबांचे कान गेल्यावर अक्काताईंनी घरीही तेच चालू ठेवलं होतं.

“मावशी, अहो, आवाज काढून बोला की!”

अक्काताई लाजल्या. पदर सावरत, घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं, “जेवलासा का?”

तातोबा दचकले. आजवर बायकोच्या ओठांवरून ढळू न दिलेली नजर त्यांनी खाली वळवली. हळूच डोळे मिटून घेतले.

“परत इचार,” ते म्हणाले.