खिशातला रिमोट

कॉमेंट्री ऐकली की त्याचं डोकं फिरायचं. "एसीत बसून बाता मारतात लेकाचे," म्हणत त्याने मॅच सुरू होताच आवाज बंद केला आणि रिमोट खिशात टाकला.

"असू दे की रे थोडा आवाज," शेजारी बसलेले बाबा म्हणाले.

"कशाला? मी सांगतो ना. या ओपनरचा फॉर्म कधीच गेलाय. पाय तरी हलतायत का बघा!"

"नाही हलत," बाबा म्हणाले. पूर्वी याच ओपनरसाठी ते मुलाशी कडाकडा भांडायचे. हल्ली सगळ्यालाच हो म्हणायचे. मुलाला वाटायचं, बाबांना आपलं क्रिकेट पटलं एकदाचं.

"किती झाले रे?"

"बाबा, समोर एवढ्या मोठ्या आकड्यांत दिसतंय! दर ओव्हरला काय विचारता? बघा की."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला.

तेवढ्यात ओपनरने बॉल उंच उडवला. "गेला! म्हटलं नव्हतं?" तो ओरडला. फिल्डर बॉलखाली येऊन थांबला आणि नेमकी तेव्हाच केबल गेली. पडदा काळाकुट्ट. तो चडफडत उठला, टीव्हीमागची वायर हलवून बघितली. डोकं वर काढलं, तर बाबा तसेच पुढे झुकून, त्या काळ्या पडद्याकडे डोळे लावून बसलेले.

"चिडू नकोस, एवढंच सांग," ते हळूच म्हणाले. "रिप्लेत काय दाखवतायत रे?"