दसऱ्याचा मोठा हार

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेली मोटरसायकल मी भंगारातून उचलली. मुलुंडच्या घरी, पडवीत मांडलेल्या पायाने चालवायच्या लेथवर तिचे पिस्टनपासून बुशपर्यंत सगळे भाग स्वतः कातले. चार वर्षांनी ती सुरू झाली; फक्त भांडुपच्या पुढे जायला तयार नव्हती. तिथून धोंडू दर रविवारी तिला आपल्या एका बैलाच्या गवतगाडीला बांधून घरी आणायचा. मी मात्र हँडल धरून असा ताठ बसायचो, जणू बैलगाडी मीच ढकलतोय.

पंचावन्नच्या दसऱ्याला बायकोला म्हटलं, "जयंती, वाहनपूजेला मोठा हार कर. आज भांडुपला वळसा घालून स्वतःच्या जोरावर दारात येतो."

आलो. धोंडूच्या गाडीमागून.

जयंती तबक घेऊन बाहेर आली. लेथला झेंडूची माळ घातली, कानशींना हळदकुंकू वाहिलं आणि मोठा हार घेऊन मोटरसायकलीपाशी येऊन थांबली. मी घाईघाईने हँडल पुसलं.

 

"अहो, पूजा वाहनाचीच करायची ना?" असं म्हणत तिने तो हार धोंडूच्या बैलाच्या गळ्यात घातला.