हादग्याची फुलं

हादग्याचं झाड वाऱ्यानं गाड्यांवर कललं होतं, म्हणून सोसायटीनं परवानगी काढून ते तोडायला माणसं बोलावली. करवत थांबली तशी जाईबाई लगबगीनं खाली आली.

हिंगोलीकडच्या खेड्यातून मीरा रोडला लेकाकडे येऊन तिला सहा महिने झाले होते. समाधान आणि सून सकाळीच कामावर जात. इतक्या बिल्डिंगांत तिला ओळखीचं असं हे एकच झाड भेटलं होतं. रोज ती खाली पडलेली पांढरी फुलं वेचायची. पहिल्या मजल्यावरची बंगाली मृणालिनी आकडीनं वरची काढायची. दोघी एकमेकींच्या पिशवीत डोकावायच्या, पण बोलायच्या नाहीत. जाईबाईला हिंदी कळायची; बोलायला जीभ वळायची नाही.

आज सगळीच फुलं जमिनीवर होती. फांद्या टेम्पोत जायच्या आत दोघींनी मिळतील तेवढी खुडली.

"इतना कौन खायेगा?" मृणालिनी म्हणाली. "ऊपर चलो. हम लोग चावल के आटे में तलते हैं. आप?"

"भाजी. कांदा घालून."

"तो दोनों बनायेंगे."

जाईबाई तिच्या मागोमाग जिना चढली. पण स्वयंपाकघराच्या दाराशी तिचे पाय थबकले. गावात अशा कितीतरी दारांबाहेर ती उभी राहिली होती. वरून टाकलेलं पदरात घेऊन परतली होती. नंतर समजून हिनं भांडी विसळण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

"बाई, आमी बौद्ध हाव," ती म्हणाली. "जयभीमवाले."

मृणालिनीनं वळून पाहिलं. मग हातातलं फाटलेलं फूल तिनं पुढे धरलं.

"इसके अंदर का कडवा डंडी निकालना मेरे को आज तक नहीं आया. हर बार फूल फट जाता है. मेरी माँ एक झटके में निकालती थी."

जाईबाई आत गेली. पदरातली फुलं तिनं ओट्यावर ओतली. एक उचलून देठाशी धरलं आणि आतला दांडा अलगद ओढला. फूल अख्खं राहिलं.

"अस्सं."

"एक बार फिर," मृणालिनी म्हणाली, आणि नीट दिसावं म्हणून तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली.